सर्जा आणि आबांचे निरोप

३० नोव्हेंबर

औषध कंपनीचा माणूस आज दुकानात नव्या वर्षाची डायरी देऊन गेला. जानेवारीपर्यंत थांबायचा मला धीर नाही, म्हणून छापील तारखा खोडून आजच सुरू करतेय. कारणही तसंच आहे. आज मी घरात सरडा पाळायची परवानगी मागितली.

भिंगारला मम्मी-पप्पांकडे असताना मागितली असती तर मम्मीने लाटणं दाखवलं असतं आणि विषय तिथल्या तिथे मिटला असता. मिरजगावात, म्हणजे माझ्या सासरी, पद्धत वेगळी आहे. इथे सासरे सुनेशी बोलत नाहीत. राग म्हणून नव्हे, रीत म्हणून. लग्नाला सहा महिने झाले, पण आबा अजून माझ्याशी थेट एक शब्द बोललेले नाहीत. घरात शिरताना खाकरतात, मी डोक्यावर ओढणी घेते आणि पुढचं सगळं आत्याबाईंमार्फत चालतं. आत्याबाई म्हणजे सासूबाई. "तिला म्हनावं, लाईटबिल आलंय." मी समोरच उभी असते, तरी आत्याबाई माझ्याकडे वळून सांगतात, "लाईटबिल आलंय." माझं उत्तरही तसंच उलट्या वाटेनं जातं. ओमला, म्हणजे नवऱ्याला, यात काही विशेष वाटत नाही. त्याला काय, तो चाकणला कंपनीत. शनिवारी येतो, रविवारी जातो.

मी गावातल्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, दिवस बरा जातो. पण घरातली भांडी, चादरी, अगदी दारातली तुळससुद्धा माझ्या आधीपासून कुणाची तरी आहे. मला एक तरी जीव असा हवाय, जो माझा म्हणून या घरात येईल. कुत्री-मांजरं गावभर आहेतच. मला शॅमेलिऑन हवाय. कॉलेजात असल्यापासून हवाय.

दुपारी आत्याबाईंना फोनवर व्हिडिओ दाखवला.

"ह्यो सरडा हाय."

"सरड्याच्याच जातीतला, पण हा सावकाश चालतो. रंग बदलतो."

"सरडा हाय," त्या पुन्हा म्हणाल्या आणि फोन घेऊन बाहेर दारापुढच्या ओट्यावर आबांकडे गेल्या. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. आधी आबांचा आवाज चढला, मग आत्याबाईंचा त्याहून चढला, मग दोघांचेही आवाज खाली आले. शेवटी आत्याबाई आत आल्या.

"आबा म्हनत्यात, पोरगी आपलं घर सोडून आलीया, तिचं सोताचं आसं हितं काय हाय? हौस हाय तर आनू द्या."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. न बोलता माणूस किती ओळखतो! मी आत्याबाईंचे आभार मानायला गेले तर त्या म्हणाल्या, "मला इचारशील तर ह्यो निव्वळ येडेपना हाय. आन् किड्यांचा डबा माज्या भांड्यांत दिसला तर उकिरड्यावर टाकीन."

असे हे दोघे. आबांच्या पोटात नुसती माया, आत्याबाईंच्या जिभेवर नुसती मिरची.

७ डिसेंबर

पुण्याहून परत आलो. ओमने गाडी चालवली, मी मांडीवर भोकं पाडलेला खोका धरून बसले होते.

निकिता नावाची मुलगी घरीच शॅमेलिऑनची पैदास करते. ही परदेशी जात, येमेनकडची, डोक्यावर टोप असलेली. पाळायची तर सरकारकडे ऑनलाईन नोंद करावी लागते, ती ओमने केली. निकिताने तीन पिल्लं दाखवली, दोन नर आणि एक मादी. कशी निवडायची तेही शिकवलं. डोळे खोल गेलेले नकोत. फांदी घट्ट धरायला हवी. समोर किडा ठेवला तर जीभ सरळ जायला हवी. अंगाला हात लावून पारख करायची नाही, त्यांना ते आवडत नाही.

ती म्हणाली, "पहिल्यांदाच पाळताय ना? मग नर घ्या. मादी मोठी झाली की नर नसतानाही अंडी घालते, कोंबडीसारखी. तेव्हा तिला खणायला ओली वाळू लागते. वाळू मिळाली नाही तर अंडी पोटातच धरून ठेवते आणि मरते. नराचं तसं काही नसतं."

मी नरच घेणार होते. पण दोन्ही नर मला बघून फुगले आणि फिसफिसले. मादी मात्र एका डोळ्याने माझ्याकडे आणि दुसऱ्या डोळ्याने ओमकडे बघत, पाय मागे-पुढे झुलवत, हळूच माझ्या बाजूला एक पाऊल सरकली. ओम म्हणाला, "झालं, पसंत पडली." मी म्हटलं, मला नाही, तिला मी पसंत पडले.

घरी आल्यावर आत्याबाईंनी खोक्यात डोकावलं. "नर हाय न्हवं?"

"मादी आहे."

त्यांनी ओट्याकडे एक नजर टाकली. मग म्हणाल्या, "बरं. आबांना मी सांगते. तू मधी पडू नगंस."

मी मध्ये पडायचा प्रश्नच कुठे येतो?

८ डिसेंबर

नाव ठरलं. आत्याबाईंनी निरोप आणला की आबांनी 'सर्जा' हे नाव ठेवलंय.

"मादीला सर्जा?"

"आसू दे. त्यांच्या बैलाचं नाव हुतं. ट्रॅक्टर आला आन् बैल गेला. म्हाताऱ्या मानसाच्या मनाला बरं वाटतं."

माझ्या मनात 'पाचू' होतं. पण ज्या माणसाने एवढ्या मोठ्या मनाने परवानगी दिली, त्याला बैलाच्या आठवणीपुरतं नाव द्यायला काय हरकत आहे?

१४ डिसेंबर

राहायच्या जागेचा घोळ एकदाचा संपला. ओमने हौसेने माशांची काचेची टाकी आणली होती. निकिताला फोटो पाठवला तर ती जवळपास ओरडलीच. काचेत हवा कोंडते, आणि सर्जाला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की दुसरा सरडा आलाय असं वाटून ती दिवसभर घाबरून राहते. चारी बाजूंनी जाळी हवी, माणसाच्या छातीएवढा उंच पिंजरा हवा, कारण ही जनावरं उंचावर बसली की निश्चिंत असतात.

असा पिंजरा विकत मिळतो. मी तो मागवणार होते. पण सकाळी उठून बघते तर आबा ओट्यावर पाईप कापत बसलेले! रोपवाटिकेला वापरतात ती हिरवी जाळी, प्लॅस्टिकचे पाईप आणि खाली फळी. आत्याबाई म्हणाल्या, "आबा म्हनत्यात, इकतच्या पिंजऱ्याला काय जीव आसतो व्हय?"

जाळी सर्जाच्या नखात अडकेल का, एवढीच मला शंका होती. निकिताने फोटो बघून सांगितलं, चालेल. पिंजरा ओट्याच्या एका टोकाला ठेवला. आत जास्वंदीची कुंडी, मनीप्लांट आणि पेरूच्या आडव्यातिडव्या फांद्या लावल्या. वरच्या कोपऱ्यात ऊब घ्यायला बल्ब आणि पुण्याहून आणलेली, उन्हासारखा प्रकाश देणारी खास ट्यूब.

पाण्याची तर गंमतच झाली. शॅमेलिऑनला वाटीतलं पाणी दिसत नाही, पानावरून ओघळणारा थेंब दिसतो. मी सलाईनची बाटली उलटी टांगायच्या विचारात होते, तेवढ्यात आबांनी शेतातल्या ठिबकची नळी आणून पिंजऱ्यावर बसवली. टप्... टप्... सर्जाने जीभ काढून पहिला थेंब घेतला तेव्हा ओट्याच्या दुसऱ्या टोकावरून "व्वा!" असं ऐकू आलं. मग लगेच खाकरणं.

२१ डिसेंबर

शेजारचे कानिफनाथ काका पिशवीत काहीतरी वळवळतं घेऊन आले. "इकत कशाला आनायचा, सूनबाई? आपल्या बांधावर फुकाट हाय!" पिशवीत घोयरा, म्हणजे आपल्याकडचा रानातला शॅमेलिऑन होता, हिरवागार आणि रागाने फुगलेला. त्याला पकडायला कायद्याने बंदी आहे हे सांगितल्यावर काका म्हणाले, "बांधावरच्या सरड्याला कसला आलाय कायदा?"

आतून निरोप गेला, बाहेरून निरोप आला, "आबा म्हनत्यात, कुंपनावरचं जनावर कुंपनावरच शोभतं." आबांनी स्वतः त्याला काठीवर घेतलं. काठी शक्य तितकी लांब धरली होती, कारण घोयऱ्याचा फुत्कार विषारी असतो असं इथे सगळेच मानतात. पुढे घोयरा काठीवर, मागे आबा, त्यांच्या मागे काका, अशी वरात बांधापर्यंत गेली. मी आणि आत्याबाई खिडकीतून बघत होतो. आत्याबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसत होत्या की त्यांना खाली बसावं लागलं. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "हसतीस काय? वरन ऊतू चाललंय." वरण अजून चुलीवर चढलंही नव्हतं.

९ जानेवारी

थंडी कडाक्याची पडलीय. सकाळी सर्जा बल्बखाली काळपट होऊन बसते आणि ऊब मिळाली की हळूहळू हिरवी होते. तिचं बघून मलाही गोधडीतून निघवत नाही.

काल आत्याबाई म्हणाल्या, "आबा म्हनत्यात, पोरगी दिसभर दुकानात उभी आसती, तिला पहाटं उठवत जाऊ नका. सकाळच्या भाकऱ्या तुमीच टाका." आणि वर स्वतःची पुस्ती, "माज्या हातात आसतं तर उठवलंच आसतं."

आज मी सात वाजता उठले. आत्याबाईंच्या भाकऱ्या होऊन गेल्या होत्या. आबांना कळतं, बाईमाणसाला कळत नाही. हे लिहू नये, पण लिहिते.

२२ फेब्रुवारी

सर्जा आता वितीपेक्षा मोठी झालीय. नाकतोडे खाते, झुरळं खाते (ती मी विकत आणते, घरातली नव्हेत, आत्याबाईंना हे रोज सांगावं लागतं). आबा चाऱ्यासाठी लावलेल्या घासाच्या वाफ्यातून नाकतोडे पकडून आणतात, कारण घासावर फवारा मारलेला नसतो. दुपारी मी दुकानात असते तेव्हा ते पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून बसतात, हे मला कानिफनाथ काकांकडून कळलं. तिच्याशी बोलतात म्हणे. "सर्जा, काय म्हनतोस गड्या?"

म्हणतोस! मला हसू आलं. नावच बैलाचं, मग आबा तरी काय करणार?

निकिताने आठवण करून दिली म्हणून आज वाळूची बादली पिंजऱ्यात ठेवली.

२४ फेब्रुवारी

बादली गायब. आत्याबाई म्हणाल्या, "मांजरं घान करत्यात वाळूत म्हनून काडली. पुढं बघू." पिंजऱ्याला दार आहे, कडी आहे, मांजर आत जाईल कसं? विचारलं तर म्हणाल्या, "मिरजगावची मांजरं तुला ठावं न्हाईत."

१२ एप्रिल

मार्चएंडच्या स्टॉकमोजणीत डायरी राहूनच गेली. वाळूचंही राहिलं.

सर्जाच्या हिरव्या अंगावर निळे-पिवळे ठिपके आलेत. सुंदर दिसते, पण कमी खाते आणि पोट मोठं झालंय. मला वाटतं आबांचे नाकतोडे जास्त होतायत. पण हे त्यांना सांगायचं कसं?

१४ एप्रिल

आत्याबाई श्रीरामपूरला गेल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न, आठवडाभर मुक्काम. मला दुकान, आबांना शेत, म्हणून आम्ही दोघे घरीच. जाताना त्यांनी मला वर्षभर पुरतील एवढ्या सूचना दिल्या आणि एसटीत चढता चढता म्हणाल्या, "आबांना काय लागलं-सवरलं तर... तुमी कसं करनार गं?"

खरंच की. आम्ही कसं करणार?

१५ एप्रिल

असं केलं. सकाळी मी ओट्याच्या दारात ताट ठेवलं आणि भिंतीला सांगितलं, "जेवण वाढलंय." आबा जेवले. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. चाकणहून ओम.

"आबांना ताक पाहिजे."

"तुला कसं कळलं?"

"त्यांनी फोन केला ना आत्ता."

आबा दहा पावलांवर बसले होते! ताक दिलं. पुन्हा ओमचा फोन. "मीठ नाहीये म्हणतात." मग मी ओमला म्हटलं, त्यांना विचार, सर्जाने सकाळी काही खाल्लं का? ओम म्हणाला, "स्नेहल, माझा सुपरवायझर बघतोय." पण विचारलं बिचाऱ्याने. आबांचं उत्तर आलं, कालपासून तोंड लावत नाही.

मला काळजी वाटतेय.

१६ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी दुकानातून लवकर आले. पिंजऱ्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, समोर टेबलफॅन, आणि आत जास्वंदीच्या बुंध्याशी चिरलेला कांदा. उन्हाचा त्रास झालाय असं समजून आबांनी हे सगळं केलं होतं. कायम शेंड्यावर बसणारी सर्जा खाली फळीवर उतरली होती. रंग जवळपास काळा. ती कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन पुढच्या पायांनी फळी खरवडत होती. कुंडीतली माती उकरून झाली होती, पण कुंडीत जास्वंदीच्या मुळांचं जाळं. पुन्हा फळी, पुन्हा कोपरा.

आणि मला लख्ख कळलं. ती वाळू शोधत होती.

आबा तोवर तिला खोक्यात घालायच्या तयारीत होते. गुरांच्या दवाखान्यात न्यायला त्यांनी कानिफनाथ काकांचा टेम्पो सांगून ठेवला होता. खोक्यात घालून, उन्हातून, टेम्पोत हादरे खात... मी ओमला फोन लावला. बंद. काल सुपरवायझरने बघितल्यापासून कामावर फोन बंदच ठेवावा लागेल, असं तो रात्री म्हणाला होता. आत्याबाईंना लावला, नुसती रिंग. तिकडे हळदीचा बॅंड वाजत असणार. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आबांचा हात पिंजऱ्याच्या कडीला लागला.

"आबा," मी म्हटलं.

आबांनी मागे वळून पाहिलं, पाहुणा आला की काय म्हणून. कुणी नव्हतं.

"आबा, तिला ऊन लागलेलं नाही. तिला अंडी घालायचीत."

आबा पिंजऱ्याकडे बघत म्हणाले, "कुनाला?"

"सर्जाला."

"सर्जा नर हाय."

"नाही आबा. सर्जा बाई आहे."

त्यांनी कडीवरचा हात काढला. "कवापासनं?"

"पहिल्यापासून!"

आबा ओट्यावर बसले. टोपी काढली, पुन्हा घातली. "ही मला म्हनली की नर हाय. मी सांगितलंच हुतं, नर आसला तरच घरात. मादीचं लचांड नगं, घरभर पिल्लं हुत्याल. म्हनून तर नाव सर्जा ठिवलं." मग एकदम माझ्याकडे, थेट माझ्याकडे बघितलं. "आन् ती वाळूची बादली? नराला वाळू कशापायी म्हनून मीच काडली की."

"आत्याबाई म्हणाल्या, मांजरं घाण करतात."

"मांजरं?" आबा म्हणाले. "कुटली मांजरं?"

पण बोलत बसायला वेळ नव्हता. निकिताला फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. ती म्हणाली, "खोल बादली घ्या, ओली वाळू भरा. बोगदा केला तर ढासळणार नाही इतपत ओली. पिंजरा झाका. आणि एकदा खणायला लागली की अजिबात डोकावू नका. कुणी बघतंय असं वाटलं तर ती खड्डा अर्धवट सोडते. उद्या संध्याकाळपर्यंत घातली नाहीत तर थेट माझ्याकडे घेऊन या."

कानिफनाथ काकांच्या बांधकामावर वाळूचा ढीग होता. आबा घमेलं घेऊन अक्षरशः पळाले. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं मी रोज आत्याबाईंकडून ऐकते, आज ते कुठे गेलं होतं कोण जाणे. मी वाळू चाळली, त्यांनी पाणी शिंपडलं. वाळू हातात घेऊन दाबली, गोळा झाला. "बग गं, जमलं का?" त्यांनी विचारलं.

बघ गं. मला! हातातली चाळणी मी तशीच धरून राहिले.

बादली ठेवली, गोणपाटाने सगळं झाकलं आणि आम्ही दोघे ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. थोड्या वेळाने गोणपाटाच्या आतून वाळू उडाल्याचा बारीक आवाज आला. आबांनी ओठांवर बोट ठेवलं. मी श्वाससुद्धा बेताने घेत होते. देवा, या घरात माझी म्हणून ही एकच आहे, हिला काही होऊ देऊ नकोस, असं मी मनात म्हणत होते. मनात म्हणत होते असं मला वाटलं. पण आबा हळूच म्हणाले, "काय हुत न्हाई तिला. आन् एकलीच कशी? आमी न्हाई व्हय?"

१७ एप्रिल

सुटली! दुपारी सर्जा वाळूने माखून, लुकडी होऊन फांदीवर चढली, ठिबकखाली तोंड उघडून बसली आणि बराच वेळ पाणी पीत राहिली. खड्डा तिने स्वतःच बुजवला होता. उकरून बघितलं तर ओंजळभर पांढरी अंडी, शेंगदाण्यांएवढी. यांतून पिल्लं निघायची नाहीत, नर नव्हताच. आबांना हे दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "आगं कळलं. जरा वंगाळ वाटलं एवडंच." मला इतकं हलकं वाटलं की मी ओट्यावर बसून रडले. आबा लांब बघत म्हणाले, "च्या टाकतो मी." चहा भयंकर गोड होता.

सकाळभर लांब बसून वाट बघताना मात्र आमच्या पुष्कळ गप्पा झाल्या होत्या. मी म्हटलं, "आबा, तुम्ही हौस म्हणून आणू दिलंत, त्याबद्दल मला तुमचे आभार मानायचेच होते."

"मी?" आबा म्हणाले. "मी म्हनलो, सरडा घरात आला तर मी मळ्यात ऱ्हायला जाईन. तर ही म्हनली, सूनबाई दोन दिस जेवली न्हाई, रडून डोळं सुजल्यात तिचं."

मी तेव्हा व्यवस्थित जेवत होते. थालीपीठ होतं.

"पण तुम्ही पिंजरा केलात की."

"तूच निरोप धाडलास न्हवं? आबांच्या हातचाच पिंजरा पायजे, इकतचा नगं?"

मी असं कधीच म्हटलं नव्हतं. मग आम्ही एकेक निरोप काढून बघायला लागलो. मला पहाटे उठवू नका, हे आबा म्हणाले नव्हते. मी कधी उठते हेच त्यांना माहीत नव्हतं. माझ्या हाताला चव आहे असंही ते म्हणाले नव्हते, आणि आबांसारखा देवमाणूस बघितला नाही असं मीही म्हणाले नव्हते. मला रागच आला. वर्ष होत आलं, आणि मी ज्या सासऱ्यांवर जीव टाकत होते ते सासरे नव्हतेच! आत्याबाईंनी दोघांनाही फसवलं, असं मी बोलूनही गेले.

आबा खो खो हसत सुटले. "फसवलं तर फसवलं. माज्या नावावर लई ग्वाड बोललीया की गं! मला न्हाई यायचं आसं बोलाया." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "पर आपन बोललो हे तिला कळू देऊ नगंस. तिचं काम जाईल."

आता खोलीत बसून लिहितेय आणि पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी अडतेय. पोरगी आपलं घर सोडून आलीय, तिचं स्वतःचं असं इथे काय आहे, हे आबा म्हणाले नाहीत. मग त्या दिवशी हे कुणाच्या मनात आलं होतं? सकाळच्या भाकऱ्या कोण टाकत होतं?

किती मूर्ख आहे मी.

२१ एप्रिल

आत्याबाई आल्या. एसटीतून उतरल्यापासून तोंड सुरू. तुळशीला पाणी कमी पडलंय, मी वाळलेय, आबांचा सदरा नीट निघालेला नाही. पिंजऱ्यापाशी येऊन थबकल्या. वाळूची बादली, लुकडी सर्जा. आबांनी खाकरून घेतलं आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "तिला म्हनावं, सर्जानं अंडी घातली त्ये सांग तुज्या सासूला."

आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. एकदा आबांकडे, एकदा माझ्याकडे. "आन् तुमाला कसं कळलं?"

"ओमनं सांगितलं फोनवर," आबा म्हणाले. मी ओढणी पुढे ओढून हसू लपवलं.

"आता मादी तर मादी," आबा पुन्हा भिंतीला म्हणाले. "नाव सर्जाच ऱ्हाईल. ऱ्हाईल म्हनावं घरात." आणि उठून मळ्यात निघून गेले.

संध्याकाळी मी मेथी निवडत होते. आत्याबाई लग्नातले लाडू डब्यात भरत होत्या, त्यातला एक त्यांनी न बोलता माझ्यासमोर ठेवला. मग डब्याचं झाकण लावत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आबा म्हनत्यात, परगावी गेलं की पोरीची लई आठवन येती. लग्नात बी मन लागत न्हाई."

आबा अजून मळ्यातून परतले नव्हते. आणि परगावी तर ते या वर्षात कुठेच गेलेले नाहीत.

मी हातातली मेथीची काडी खाली ठेवली. मग म्हटलं, "आबांना सांगा, मलाही आली. रोज आली. म्हणावं, तुम्ही आहात म्हणून मला या घरात करमतं."

"सांगते," आत्याबाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने ओट्यावर आबांचं खाकरणं ऐकू आलं. आत्याबाई उठल्या नाहीत. माझ्या जवळ सरकल्या, माझ्यापुढची अर्धी मेथी स्वतःकडे ओढली आणि निवडत बसल्या.